कवंडाळाची वेल

विमलाबाईंचं उभं आयुष्य गोव्यातल्या लाटंबार्से गावच्या शाळेत पोरांना ‘झाडं जपा’ सांगण्यात गेलं, आणि समोरचा डोंगर मात्र दरवर्षी थोडा थोडा बोडकाच होत गेला. पालथ्या घड्यावर पाणी! आता तर त्या खुर्चीत बसूनच सांगत, कारण उभं राहायला उमेद लागते.

यंदा शाळेमागे कवंडाळाची एकच वेल उरली होती. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर छताला रानफळांची माटोळी बांधतात, तिच्यात ही लालभडक फळं हवीतच. म्हणून तर वेली संपल्या. बाईंनी दुसरीच्या मुलांना ती दाखवली.

"ही फळं पिकून इथंच पडू देत. बी रुजलं तरच पुढं वेल दिसेल."

मुलांनी माना डोलावल्या नि ती विसरून गेली. गंगानं मात्र मनावर घेतलं. केसांची निळी रिबीन सोडून तिनं फळांच्या देठाला बांधली, ही वेल शाळेची आहे हे कळावं म्हणून. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन वेलीपाशीच बसे.

मग चतुर्थीची सुट्टी लागली आणि घरी सासूबाईंनी, पार्वतीबाईंनी, धोशा लावला. "कवंडाळ नाय? मगे माटोळी कसली ती!" विमलाबाईंना वाद घालायचं त्राण नव्हतं. डिचोलीच्या बाजारात, गर्दीत मिळाली ती जुडी त्यांनी न बघता पिशवीत कोंबली. माटोळी दिरानं बांधली.

चतुर्थीला गंगा आईबरोबर बाईंच्या घरी दर्शनाला आली. हात जोडून तिनं वर पाहिलं, आणि पाहतच राहिली. कवंडाळाच्या जुडीला निळी रिबीन होती. विकणाऱ्यानं तिचीच गाठ पक्की केली होती.

"बाई, ही आमचीच."

"बाजारातून आणली गं," म्हणता म्हणता बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! गंगा रडली नाही. प्रसाद न घेताच पायऱ्या उतरली.

विसर्जनाआधी बाईंनी फळं काढून घेतली. देवाचं देवाबरोबर जायला हवं, म्हणून सासूबाई कुरकुरत राहिल्या. बाईंनी ऐकलंच नाही.

शाळा उघडली. टेबलावर बिया ठेवून बाईंनी विचारलं, "लावायला कोण येणार?" सगळे हात वर झाले. गंगाचा नाही झाला. बाई उठून तिच्या बाकापाशी गेल्या आणि धुतलेली रिबीन पुढं ठेवली.

"आणि फुडल्या वर्सा तुमी परत विकत घेतल्यात तर?" गंगानं विचारलं.

बाईंना सासूबाईंचं तोंड दिसलं, घरचा सगळा कज्जा दिसला, आणि फार फार थकवा आला.

"नाय घेवचंय," त्या म्हणाल्या. "आमची माटोळी कवंडाळाशिवायच बांधणार."

गंगानं रिबीन उचलली. केसांना बांधली नाही, खिशात ठेवली.

"मी चवथीक बघूक येतलंय," ती म्हणाली.