अकरा डब्यांचा तिसरा गट

कॅमेऱ्याच्या रोलचा काळा डबा. आत रोल नाही.

गच्चीच्या कठड्यावर मूठभर भात, वर तुपाचा थेंब.

दोन हजार किलोमीटरवर एक दगड.

नारिंगी, निळा, हिरवा.

शुक्रवार.

शुक्रवारी पेपर जायचा होता. सौम्या तीन वर्षं राजस्थानातल्या लाल खोकडांची विष्ठा तपासत होती. वनरक्षक अमरसिंह ती रोलच्या डब्यांत भरून पाठवायचा. सौम्या तिथून दोन हजार किलोमीटर दक्षिणेला, पेरुंगुडीच्या प्रयोगशाळेत, त्यातला डीएनए काढायची. कुठली खोकडं एकमेकांत मिसळतात, कुठली वेगळी पडली आहेत, ते त्यावरून कळतं. संगणकानं प्रत्येक डब्याची, गटाच्या रंगाची एक पट्टी काढली होती. पूर्वेकडच्या नारिंगी, पश्चिमेकडच्या निळ्या.

आणि अकरा हिरव्या. कुणाला माहीत नसलेला तिसरा गट. तिचा सगळा थीसिस त्या अकरांवर उभा होता.

"अकराही एकाच दगडावरची," तिचे मार्गदर्शक उमाकांत सर म्हणाले होते. "वेगळी वस्ती आहे. अजून काय हवंय तुला?"

पण तीन किलोमीटरवरची खोकडं निळी होती. मध्ये नदी नाही, डोंगर नाही. मग ही अकरा कुणातच का मिसळत नाहीत? सौम्या पट्ट्या उलट्या क्रमानं लावून बघायची. हिरवा हिरवाच राहायचा.

बुधवार, सकाळ, वेस्ट मांबलममधल्या घराची गच्ची.

"आला का गे कावळा?" राजसबाई आत्यानं आतून विचारलं. कावळ्याला घास ठेवल्याशिवाय ती जेवत नसे.

"खार आली."

"खारीला कोण बोलावलं? कावळ्याला ठेवलं मी."

"तिला काय माहीत, आत्या?"

कॉफी अर्धी राहिली. सौम्यानं फोन लावला.

"अमरसिंहजी, त्या दगडावर काही ठेवता का तुम्ही?"

"मी नाही, मॅडम. बायको ठेवते. शेवटची रोटी."

"खोकडाला?"

"कुत्र्याला. आमच्यात पहिली गायीची, शेवटची कुत्र्याची. पण खोकडही येतं. पहाटे बघितलंय मी."

"मग डब्यात भरलंत ते कुणाचं?"

"ताजं होतं," तो जरा दुखावून म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात, ताजं हवं."

प्राणी कुठला, ही चाचणी फक्त पहिल्या पन्नास डब्यांवर झाली होती. पन्नासही खोकडं निघाली, तेव्हा सर म्हणाले, पुरे, रसायन वाचवा. बाकीच्या चाचण्यांची रसायनं मुळात कुत्र्यांसाठी बनवलेली. समोर कुत्रा आला तरी ती अडणार नव्हती.

"कुत्रे?" उमाकांत सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "परिषदेत नकाशा दाखवून आलोय मी, सौम्या. टाळ्या पडल्या."

"हो सर. मीही वाजवल्या."

"शुक्रवारी पाठवायचं की नाही?"

"तुम्ही सांगा."

"थीसिस तुझा आहे."

तिनं अकरा डबे बाहेर काढले. ओळीत ठेवले, ओळ मोडली, पुन्हा लावली. मग प्राणी ओळखायची चाचणी अकरांवरही लावली. गुरुवारी संध्याकाळी निकाल आला. आठ कुत्रे. दोन डब्यांत काहीच मिळालं नाही. आणि एकात दोघंही. खोकडाच्या विष्ठेवर कुत्रा मुतून गेला असावा. किंवा उलट. किंवा तिच्याच हातून काही सांडलं असावं.

शुक्रवारी पेपर गेला नाही. तिनं आठ पट्ट्या पुसल्या, मग दोन. उरलेल्या एकीवर बाण नेऊन ती बसून राहिली. ठेवली तर तिसरा गट एका प्राण्याचा होत होता. पुसली तर एक खरं खोकड जात होतं. सर दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले.

तिनं ती पुसली.

मार्च २००५ मध्ये त्या दगडावरच्या पहिल्या डब्यासोबत आलेल्या फॉर्मवर अमरसिंहनं अक्षांश-रेखांशांच्या खाली लिहिलं होतं, 'आमच्या घरामागचा दगड'. सौम्यानं संगणकात फक्त आकडे भरले होते.