कव्हराच्या कप्प्यातला कागद

मित्रांनो, मी स्टीलची एक जुनी बाटली आहे. माझे बूड चेपले आहे, झाकण सैल झाले आहे आणि रंग तर केव्हाच उडाला. कारखान्यातले मला खडखडाटाखेरीज काही आठवत नाही. माझे खरे आयुष्य शाळेच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या सीटशेजारी गेले. मुले त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत.

काकूंनी जुन्या चादरीचे कव्हर मला शिवले होते. त्याला एक छोटा कप्पाही होता. सकाळी त्या मला काठोकाठ भरत. संध्याकाळी काका घरी आले की त्या मला हलवून पाहत आणि म्हणत, "संपवलंत सगळं. शहाणे आहात." ते कौतुक मला माझेच वाटायचे.

पुढे काकांनी दिवसा पाणी पिणे सोडले. त्यांना लघवीला सारखे जावे लागे आणि गेले तरी धड होत नसे. मुलांनी भरलेली बस सोडून ते जाणार कुठे? भर उन्हात ओठ सुकत, पण माझे झाकण उघडत नसे. गल्लीच्या तोंडाशी आले की ते मला गटारात ओतत. काकूंच्या कौतुकाची मग मला लाज वाटू लागली.

एकदा ते गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "प्रोस्टेट वाढलंय. चिरफाड नाही करायची. लघवीच्या वाटेने बारीक नळी घालून आत वाफ देतात, मग ते हळूहळू आकसतं. सकाळी या, संध्याकाळी घरी. थोडे दिवस लघवीची नळी राहील, एवढंच."

त्यांनी कागदावर तारीखही लिहून दिली. काकांनी तो घडी करून माझ्या कप्प्यात खुपसला. "लोकांना कळलं तर हसतील," असे पुटपुटले. घरी म्हणाले, "काही नाही गं, वय झालं."

ती तारीख मी दोन वर्षे अंगावर वागवली. कव्हर धुवायला निघाले की काका कागद खिशात घालत आणि वाळल्यावर परत ठेवत. त्यांनी तो फेकून का दिला नाही, हे मला अजून कळलेले नाही.

एका सकाळी लघवी साफ अडली. बस कडेला लावून काका स्टिअरिंगवर कळवळत पडले. दवाखान्यात नळी घालून त्यांना मोकळे केले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेव्हा का नाही आलात? आता मूत्राशयच ताणून ढिलं पडलंय. वाट मोकळी करता येईल, पण जोर परत येईलच असं नाही. नळी कदाचित कायमची."

त्या दिवशी काकूंनी कव्हर काढले आणि कागद त्यांच्या हाती लागला.

"दोन वर्षं खोटं बोललात," त्या म्हणाल्या. "मी हसले असते का हो तुम्हाला?"



मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. आपले कुणी संध्याकाळी घरी आले की फक्त बाटली पाहू नका, त्यांचे सुकलेले ओठही पाहा. मला तोंड असूनही बोलता आले नाही. काकांना येत होते, याचाच मला राग आहे.

आता त्यांची नळी पलंगाला लटकवलेल्या पिशवीत सोडली आहे. भरपूर पाणी प्या, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे. काका मला रोज शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करतात. काकू मात्र मला हलवून पाहत नाहीत.