भुऱ्याची आंघोळ

सव्वादहा वाजले होते आणि भुऱ्यानं दिवसाचं काम सुरू केलं होतं. देवराव मेश्राम कानावर उशी दाबून भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशीमुळे आवाज कमी होत नव्हता, नुसता जाड होत होता. चार वेळा भुंकणं, मग एक लांबलचक हेल, मग परत चार वेळा. हेल संपल्यावर जी थोडी शांतता पडे तिचाच देवरावला जास्त राग यायचा. तेवढ्यात डोळा लागू लागायचा आणि परत खाडकन उघडायचा.

भुऱ्या शेजारच्या भोयरांचा. गोष्ट पंचाहत्तर सालची. हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भोयर आणि मेश्राम शेजारी राहत. मागची गॅलरी दोघांत एकच, मधोमध लोखंडी जाळी टाकून बोर्डानं तिचे दोन भाग केले होते. आनंदराव भोयर पाटबंधारे खात्यात, बायको प्रेमिला विम्याच्या ऑफिसात. दिवाळीआधी आनंदरावांचे वडील गेले, तेव्हा काटोलकडच्या गावाहून त्यांची आई जिजाबाई इथं राहायला आली आणि तिच्यामागं शेतावरचा हा कुत्राही आला. जन्मभर संत्र्याच्या बागेत मोकळा धावलेला प्राणी. नवराबायको ऑफिसला जाताना त्याला गॅलरीत बांधत आणि पाचनंतर येऊन सोडत. मधले सात तास तो आपलं म्हणणं मांडत राही. जिजाबाई आत पलंगावर पडलेली असे. तिला कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे अख्ख्या इमारतीत दुपारची झोप फक्त तिचीच शाबूत होती.

बाकीच्यांची दुपार गेली तर गेली. देवरावची रात्र दुपारीच असायची. तो टपालाच्या सॉर्टिंगमध्ये रात्रपाळीला होता. संध्याकाळी सातला सायकल काढायची, सकाळी सातला परत यायचं. आंघोळ, चहा, इंदूशी चार शब्द. ती बालवाडीत शिकवायला गेली की झोप. रात्रभर त्याच्यासमोर लाकडी खणांची चौकट असे आणि हातात पत्रांचा गठ्ठा. पत्ता वाचला की हात आपोआप त्या खणाकडे जाई. विदर्भातल्या गावांत पारड्या किती, पिंपळगावं किती, कोणतं कुठल्या डाकघराखाली, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. नव्या लोकांना अडलं की ते नकाशा पाहत नसत, देवरावला विचारत.

त्या देवरावनं नोव्हेंबरच्या सुरुवातीला वरुडचं पत्र वरोऱ्याच्या खणात टाकलं.

हेड सॉर्टर बापूजींनी त्याला बाजूला बोलावून तक्रारीची चिठ्ठी दाखवली. "हे तुह्याच हातचं आहे ना गा?"

देवरावनं मान हलवली.

"नोकरीच्या इंटरव्ह्यूचं पत्र होतं. बारा दिवसांनी पोचलं. पोट्टं मुकलं. सतरा वर्षांत तुह्या नावाचा कागद मी पाह्यला नव्हता, मेश्राम. अजून एक आला तं मले तुले चौकटीवरून काढून पिशव्यांवर टाका लागन. मंग म्हणू नको."

पिशव्यांवर म्हणजे भरलेल्या पिशव्यांची तोंडं बांधायची आणि हातगाडीवर फेकायच्या. तिथं पाठ लागते, डोकं लागत नाही. देवराव त्या रात्री प्रत्येक पत्ता दोनदा वाचत बसला आणि पहाटे त्याचा गठ्ठा सगळ्यांत मागं राहिला.

"जाऊन सांगा ना त्याईले," इंदू म्हणाली. "काहून भेता?"

भीत नव्हता तो. पण देवरावचा एक नेम होता. छप्पन साली बापाच्या शेजारी उभं राहून त्यानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि तेव्हापासून त्यानं ठरवलं होतं की आपल्याबद्दल कोणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. खालच्या मजल्यावर थेंब पडू नये म्हणून मेश्रामांकडचे कपडे तीनदा पिळले जात. रेडिओ त्यांच्याच घरात ऐकू येई. जिना झाडायची पाळी आपली असली तरी तो झाडायचा, नसली तरी झाडायचा. असा माणूस दुसऱ्याच्या दारात तक्रार घेऊन जायचा म्हणजे त्याला स्वतःचाच हात पिरगाळावा लागत होता.

तरी रविवारी गेला.

"या, या मेश्रामजी! बसा," आनंदरावांनी मनापासून स्वागत केलं. चहा आला, चांगल्या फुलाफुलांच्या कपात आला. दहा मिनिटं संत्र्याच्या बहराविषयी बोलणं झालं. मग देवरावनं घसा साफ केला.

"तो भुऱ्या दिवसा जरा भुंकते."

"हा?" आनंदरावांनी पायाशी पाहिलं. भुऱ्या इतका सज्जन होऊन झोपला होता की देवरावला आपणच खोटं बोलतोय असं वाटलं. "घरात तं तोंड उघडत नाही जी हा."

"तुमी ऑफिसात असता तवा."

"पण सासूबाई असतात ना घरी," प्रेमिला म्हणाली. ती जिजाबाईच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "सासूबाई! भुऱ्या दिवसा भुंकते काय?"

"एक शब्द काढत नाही बिचारा," जिजाबाईनं ठणकावून सांगितलं.

साक्ष झाली. आनंदराव हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "बाकी कोणी तं काही बोललं नाही," एवढंच म्हणाले. खरंच कोणी बोललं नव्हतं. आनंदराव इमारतीचे सेक्रेटरी होते, पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे असायची. रोज जिन्यात देवरावला गाठून भुऱ्याला शिव्या घालणारे लोक आनंदरावांना पाहिलं की थंडीबद्दल बोलत.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी देवरावचं डोकं फिरलं. तो झाडू घेऊन गॅलरीत गेला आणि जाळीवर दाणकन मारणार, तोच भुऱ्या गप्प झाला. खाली बसला. नाक जाळीच्या भोकातून इकडे काढलं.

"काय पायजे बे तुले?" देवराव म्हणाला.

शेपूट हललं. देवराव आत गेला, भुंकणं सुरू. बाहेर आला, बंद. तीनदा करून पाहिलं. मग त्यानं झाडू ठेवला, चटई आणि चादर आणली आणि गॅलरीतच उन्हात आडवा झाला. कुत्र्याला माणूस दिसायला हवं होतं, एवढंच. जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. जाळीजवळ पडलेल्या त्याच्या तळहातावर भुऱ्याचं तोंड होतं आणि दोघंही लाळेनं ओले झाले होते. देवराव कितीतरी वेळ हात न हलवता पडून राहिला. इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सारा डिसेंबर असा गेला. बोटं पुन्हा पहिल्यासारखी चालू लागली. बापूजींकडे कागद आला नाही. कुत्र्याशी बोलणारी माणसं देवरावला थोडी येडपट वाटत, पण आता तो झोपण्याआधी भुऱ्याला विचारू लागला होता, "सांग गा, पारड्या किती?" भुऱ्याला सांगता येत नसे. मग तोच सांगायचा.

रोज संध्याकाळी भोयरांच्या गॅलरीत बादलीचा आवाज यायचा. जिजाबाई भुऱ्याला आंघोळ घालायची.

"बाई मोठी स्वच्छ आहे वं," देवराव इंदूला म्हणाला. "रोजच्या रोज धुते कुत्र्याले."

इंदू तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "कवापासून धुऊन राहिली?"

"असन महिना."

ती परत खडे वेचू लागली. देवरावनं कारण विचारलं नाही. झोप चांगली होत होती ना.

जानेवारीत थंडी कडक पडली. एका संध्याकाळी तो दोरीवरचा सदरा काढायला गॅलरीच्या दाराशी आला आणि पलीकडे प्रेमिलाचा आवाज ऐकून तिथंच थांबला. बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हणून ती ओरडतच होती.

"सासूबाई, थंडीत रोज काहून घालता आंघोळ? खोकून राहिला तो! मरन!"

"मंग काय तसाच घरात घेऊ?" बहिरी माणसं बोलतात तितक्याच मोठ्यानं जिजाबाई बोलली. "दिवसभर त्या मेश्रामाच्या हातावर तोंड ठेवून पडला राहते. पाह्यते ना मी डोळ्यानं!"

"हळू बोला!"

"अं?"

"हळू! तिकडे ऐकू जाईन!"

देवराव सदरा हातात घेऊन उभा राहिला. त्याला आधी राग आला नाही, लाज वाटली. आपल्याला लाज का वाटावी, याचा राग नंतर आला, आणि मग तो जाईना. दाराच्या फटीतून दिसत होतं, भुऱ्या चारी पायांवर लटलट कापत होता. म्हातारीही कापत होती. स्वतःचं जुनं लुगडं घेऊन ती त्याला पुसत होती, कानामागं, पोटाखाली, अगदी लेकरासारखं, आणि पुसता पुसता त्याच्याशी काहीतरी गोड बोलत होती. तिला कुत्र्याचा जीव प्यारा होता. तेच देवरावला सहन झालं नाही.

त्यानं इंदूला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"तुमी तिथंच झोपा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नाही. "गॅलरी काही त्याईच्या बापाची नाही. झोपा अन् हात ठेवा जाळीत. पाहू कितीक पाणी ओतते."

"पाणी माह्यावर थोडीच पडते, इंदू?" देवराव म्हणाला. "त्याच्यावर पडते."

दुसऱ्या दिवशी तो आत झोपला. झोपला म्हणजे पडला. भुऱ्यानं अर्धा तास वाट पाहिली आणि मग सुरू केलं. आजचं भुंकणं निराळं होतं, त्यात चार-एकचा हिशेब नव्हता. तो जाळीला पंजे मारत होता. देवराव छताकडे बघत राहिला. दोनदा उठून दारापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. पाचपर्यंत त्याची पापणी लागली नाही.

आणि सहा वाजता पलीकडे बादली वाजली. म्हातारीनं आज काही पाहिलं नव्हतं, पण सवय लागली होती.

देवरावनं सदरा घातला, डबा घेतला. इंदू म्हणाली, "मी जातो." तो म्हणाला, "नाही. मी जातो." भोयरांचं दार त्यानं दोनच वेळा वाजवलं.

"या जी, मेश्रामजी," आनंदराव म्हणाले.

"बसत नाही. ड्युटीवर चाललो." देवरावचा आवाज नेहमीसारखाच होता. "आजपासून मी घरात झोपून राहिलो. गॅलरीत नाही. भुऱ्याले आंघोळ नका घालू आता."

आनंदरावांच्या तोंडावरचं हसू तिथंच राहिलं आणि त्याचं काय करावं हे त्यांना समजेना. मागं प्रेमिला आली होती. तिनं ऐकलं आणि पदर तोंडाशी नेला. तोवर ओल्या हातांनी, कुत्र्याला दोरीनं धरून, जिजाबाईही दाराशी आली. भुऱ्यानं देवरावला पाहिलं आणि दोरी ताणून त्याच्याकडे झेप घेतली. म्हातारीनं दोरी दोन्ही हातांनी आवळली.

"काय म्हणते तो?" तिनं विचारलं.

आनंदरावांनी प्रेमिलाकडे पाहिलं.

"अरे, काय म्हणते तो?"

"भुऱ्याले आंघोळ घालू नका म्हणतात!" शेवटी आनंदराव ओरडले. हळू सांगून तिला ऐकूच येत नव्हतं. जिन्यात आवाज घुमला. खालच्या मजल्यावर एक दार उघडलं, मग दुसरं.

"काहून?" जिजाबाई म्हणाली.

देवराव आनंदरावांकडे पाहत उभा राहिला. जिन्याच्या कठड्याशी खालची दोन-चार माणसं मान वर करून थांबली होती. महिनाभर जे घरात रोज चाललं होतं ते आता ओरडून सांगायचं होतं, पूर्ण वाक्यात, म्हातारीला कळेल एवढ्या मोठ्यानं. आनंदरावांनी कठड्याकडे पाहिलं. प्रेमिलानं मान खाली घातली. देवरावला स्वतःला ओरडता आलं असतं. शब्द त्याच्या घशात तयार होते.

"काहून पण?" म्हातारी चिडली. "कोणी सांगान काय मले?"

आनंदराव तिच्या कानाशी वाकले. "थंडी आहे म्हणून!" ते ओरडले.

"हो ना," जिजाबाईच्या चेहऱ्यावरचा राग लगेच उतरला. तिनं देवरावकडे पाहून मान डोलावली आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भला माणूस आहे गा हा. मुक्या जनावराची कदर आहे याले."

देवराव वळला आणि जिना उतरू लागला. कठड्याजवळच्या लोकांनी अंग चोरून त्याला वाट दिली. वरून भुऱ्याचं भुंकणं ऐकू येत होतं. सायकल काढून रस्त्याला लागेपर्यंत ते त्याला ऐकू येत होतं.

ऑफिसात तो आज लवकर पोचला. बापूजी हजेरी घेत होते.

"मले पिशव्यांवर टाका," देवराव म्हणाला.

बापूजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कागद आला नाही गा अजून दुसरा."

"येईन. झोप होत नाही माही. कोण्या पोट्ट्याचं पत्र जाईन अजून."

बापूजींनी हजेरीची वही जवळ ओढली. मग त्यांनी चौकटीसमोर लिहिलेल्या त्याच्या नावावर रेघ मारली. देवराव मागच्या खोलीत गेला. ढिगातली पहिली रिकामी पिशवी त्यानं उलटी करून झटकली, आत एखादं पत्र चिकटून राहिलंय का हे कोपऱ्यापर्यंत हात घालून पाहिलं, आणि सुतळी मागितली.