तलाठी हरवला आहे

सुंदराला आयुष्यात एकदा तरी कुठंतरी उगाच जायचं होतं. लग्नाला नाही, बारशाला नाही, कुणाच्या दहाव्याला नाही आणि दवाखान्यात तर नाहीच नाही. उगाच! नवरा सोबत, कुत्रा सोबत, उशाशी जाडजूड पुस्तक, आणि "आज भाजी काय?" असं विचारणारं कुणी नाही. हे तिनं देवजीला सांगितलं तेव्हा तो म्हशीचं दूध काढत होता. तो असा दचकला, की म्हशीनंसुद्धा मान वळवून पाहिलं.

"उगाच म्हंजे कुठं गो?"

"उगाच म्हंजे उगाच. आपल्या टेम्पोतनं. तुमी तो विकायच्या आधी."

टेम्पोचं नाव निघताच देवजी पुन्हा दूध काढायला लागला. किन्हवलीजवळच्या त्यांच्या गावातून कल्याणच्या बाजारापर्यंत या टेम्पोनं काकड्या वाहिल्या, भेंडी वाहिली, पेंढा वाहिला, वऱ्हाडं वाहिली, एकदा तर ढोलांसकट अख्खं बँडपथक वाहिलं. आता मुलानं, हितेशनं, नवी गाडी घेतली आणि जुना टेम्पो गोठ्यामागं जाऊन उभा राहिला. मुरबाडचे गोमाशेठ तो घेणार होते. म्हसा गावच्या जत्रेत भेटू, पसंत पडला तर तिथनंच घेऊन जाईन, असं त्यांनी देवजीला सांगून ठेवलं होतं.

"नका ना विकू," सुंदरा स्पष्टच बोलली.

"मग काय करू? कोंबड्या कोंडू त्याच्यात?"

"मी ऱ्हाईन."

सून मनाली हसून हसून बेजार झाली. देवजीही हसला, पण बायकोचं तोंड बघून वरमला. "बरं. जत्रेपर्यंत टेम्पो तुझा. येताना एसटीनं यायचं. मग रडायचं नाय, आधीच सांगतो."

बास! सुंदराला तेवढंच हवं होतं. टेम्पो एकदा हातात आला, की पुढचं पुढं बघू. ती कामाला लागली ती अशी, की घरात कुणाच्या हाताला पक्कड लागेना आणि कुणाला हातोडी सापडेना. पाठीमागच्या हौद्यात फळ्या टाकून खाट झाली. वर नवी ताडपत्री चढली. लग्नातल्या जुन्या शालूचा पडदा झाला, आणि शालू इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या कामाला आला. स्टोव्ह, पाण्याचं पिंप, तांदळाचा डबा, सुकट. आंब्याच्या पेटीच्या फळ्या ठोकून देवजीनं पुस्तकांना मांडणीसुद्धा करून दिली. कुरकुरत दिली, पण दिली.

पुस्तकं म्हणजे सुंदराचं व्यसन. त्यातही रहस्यकथा. बाजाराला जाईल तेव्हा वाचनालयातून एक आणायची आणि चुलीपुढं बसून वाचायची. पण मेलं नशीब असं, की खुनी सापडायच्या पानावर आली रे आली, की कुणीतरी हाक मारायचं. म्हैस सुटायची, दूध उतू जायचं, पाहुणे टपकायचे, आणि तेवढ्यात पुस्तक परत द्यायची तारीख उलटून जायची. कितीतरी खुनी तिच्या हातातून असे मोकाट सुटले होते.

राहिला कुत्रा. तांबडा, शेपटी वळलेली, चेहरा कायम गंभीर. त्याचं नाव तलाठी. हे नाव हितेशनं ठेवलं, कारण हा कुत्रा रोज एकदा सगळ्यांच्या बांधावरून फिरायचा, प्रत्येक हद्दीच्या दगडापाशी थांबून नीट वास घ्यायचा, पाय वर करायचा आणि पुढं जायचा. आज गावात आहे की नाही हेही कुणाला आधी कळायचं नाही. गावात सगळे त्याला त्याच नावानं हाका मारत आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

निघायच्या दिवशी टेम्पोत गाद्या, भांडी, स्टोव्ह चढताना शेजारच्या भागीरथीनं पाहिलं आणि ती पदर तोंडाला लावून धावत आली.

"सुंदरे! घराभायेर काढलं काय गो सुनेनं?"

"नाय गो बाय, आमी फिरायला चाललो."

"मला सांग, लपवू नको. गाद्या घेऊन कोण फिरायला जातंय?"

आता हिला काय सांगणार, कप्पाळ! मनाली ओट्यावर उभी राहून शपथा घेत होती, आणि ती जितक्या शपथा घेई, तितकी भागीरथीची खात्री पटत होती. शेवटी भागीरथीनं स्वतःच्या घरातून लोणच्याची बरणी आणून सुंदराच्या हातात कोंबली. "कुठंबी ऱ्हावा, पण उपाशी ऱ्हाऊ नका," असं म्हणून ती जी रडली, की देवजीलाही क्षणभर वाटलं आपल्याला खरंच बाहेर काढलंय. टेम्पो सुरू झाला. गाव मागं पडलं, आणि सुंदरा पुढच्या सीटवर बसून एकटीच खिदळायला लागली. लोणचं लिंबाचं होतं, आणि फर्मास होतं.

सरळगाव गेलं, मुरबाड जवळ आलं, काळू नदी दिसली. देवजी पूल ओलांडून जाणार तोच सुंदरा म्हणाली, "थांबवा."

"काय झालं? काय राहिलं घरी?"

"काय नाय. नदी बरी वाटली."

देवजीनं आयुष्यात टेम्पो थांबवला होता तो पंक्चरसाठी, पोलिसांसाठी आणि माल उतरवायला. नदी बरी वाटली म्हणून ब्रेक दाबायची ही पहिलीच खेप. त्यानं टेम्पो खाली उतरवला, काठाशी लावला, आणि आता पुढं काय करतात हे न कळून हात मागं बांधून उभा राहिला. सुंदरानं भात टाकला. सुकटीचा वास नदीभर पसरला. जेवून दोघं शालूच्या पडद्याआड गाढ झोपले.

सकाळी धुकं होतं, वालाच्या शेतांवर दव होतं, आणि सुंदरानं तलाठ्याच्या गळ्यात निळी दोरी बांधून त्याला फिरायला नेलं. डोंबिवलीला बहिणीकडं तिनं बायकांना असं करताना बघितलं होतं. आपणही एकदा करावं अशी तिची कधीपासूनची हौस होती. तलाठी पहिल्यांदा भांबावला. आपली रोजची फिरती कुणाच्या ताब्यात गेली हे त्याला कळेना. मग तोही ऐटीत चालू लागला. वाटेत शेंगा तोडणारी एक बाई भेटली.

"कुठं चाललाव बाई?"

"कुत्र्याला फिरवायला."

"तो सोताच फिरतो की! त्याला चार पाय हायत," ती म्हणाली. दोरीकडं बारीक नजरेनं बघत तिनं हळूच विचारलं, "चोरलं नाय ना?"

सुंदरा इतकी हसली, की तिला बांधावर बसावं लागलं. शेवटी त्या बाईनंच तिला ओंजळभर शेंगा दिल्या. काही काम नसताना चालण्यात एवढी मजा असते, हे तिला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं, आणि आधी कुणी का सांगितलं नाही म्हणून तिला थोडा रागही आला.

मग चहा, आणि मग पुस्तक. ती मोठ्यानं वाचत होती, कारण देवजीला करायला दुसरं काही नव्हतं. सुरुवातीला त्यानं टायर तपासले, ऑइल तपासलं, धडधाकट टायर पुन्हा तपासले. मग तो खाटेच्या कडेवर येऊन टेकला. मग आडवा झाला. गोष्टीतल्या इनामदाराच्या वाड्यात दिवा विझला तेव्हा त्यानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"कारभाऱ्यानंच मारला," तो म्हणाला.

"गप ऱ्हावा. मला वाचू द्या."

"अगो, पण तो चावी घेऊन कशाला गेला मग?"

दुपारी निघायचं होतं ते उन्हं कलल्यावर निघाले, कारण देवजीच म्हणाला, एवढा एक धडा होऊ दे. सुंदरा मनातून खूश झाली. वरून मात्र तिनं नुसतं पुढचं पान उलटलं. मासा गळाशी आला की बडबड करू नये, एवढं तिला नक्की कळत होतं.

म्हसा जत्रेत मात्र त्या आनंदावर पाणी पडायची वेळ आली. जत्रा काय विचारता! बैलांच्या रांगा, घोंगड्यांचे ढीग, पाळण्यांची घरघर, भज्यांचा धूर, पिपाण्यांनी कान किटलेले. टेम्पो नदीकडच्या रिकाम्या शेतात उभा केला आणि सुंदरा तलाठ्याला घेऊन बैलबाजारात फिरायला गेली. एका खिल्लारी बैलानं मान झटकली, त्याच्या गळ्यातले घुंगुर खणखणले, तलाठी बिथरला, दोरी हातातून सुटली आणि तलाठी गर्दीत दिसेनासा झाला.

सुंदरानं हाका मारल्या, देवजीनं शिट्ट्या मारल्या. शेवटी देवजी घाम पुसत भोंग्याच्या मांडवात गेला. थोड्या वेळानं जत्राभर आवाज घुमला.

"शहापूर तालुक्यातून आलेला तलाठी हरवला आहे! रंग तांबडा, गळ्यात निळी दोरी. कुणाला सापडल्यास नदीकडच्या शेतात उभ्या असलेल्या टेम्पोपाशी आणून सोडावा. चावत नाही!"

यातला रंग, दोरी आणि चावणं पाळण्यांच्या घरघरीत बुडून गेलं. लोकांना ऐकू आलं ते एवढंच, की तलाठी आलाय, आणि तो नदीकडं टेम्पोपाशी आहे.

देवजी शोधायला गेला होता. सुंदरा टेम्पोच्या पायरीवर बसून होती, न जाणो तलाठी आपणहून यायचा. मन रमवायला पुस्तक मांडीवर उघडं, चष्मा नाकावर, पण अक्षर लागत नव्हतं. तेवढ्यात समोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. त्यानं काखेतल्या पिशवीतून घडी करून करून मऊ झालेला सातबारा काढला. त्याच्यामागं आणखी एक. त्याच्यामागं नवराबायको. बघता बघता रांग शेताच्या बांधापर्यंत गेली. जमिनीचं काम अडलेला माणूस जत्रेतसुद्धा कागद बरोबर ठेवतो, हे सुंदराला त्या दिवशी समजलं.

"बाई, साहेब आले की पयला नंबर माझा," म्हातारा म्हणाला.

"कोण साहेब?"

"तलाठीसाहेब. आमी किती दिस शोधतोय."

"अवो बाबा, तलाठी आमचा कुत्रा हाय!"

म्हाताऱ्यानं चपापून इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमचं खरं हाय बाई. पण असं चारचौघांत बोलू नये."

सुंदराला हसू की रडू कळेना. ती पायरीवर उभी राहून ओरडली, "अवो, खराखुरा कुत्रा! शेपटीवाला!" त्यावर रांगेत हशा पिकला, पण कुणी जागचं हललं नाही, उलट मागून आणखी लोक आले. एकीनं तर, "बाई मोकळ्या मनाची हाय, हिच्याकडनं काम व्हईल," असं म्हणून कागद तिच्याच मांडीवर ठेवला. चष्मा होता, पुस्तक होतं, तिला कारकूनबाई समजायला लोकांना एवढं पुरे झालं.

आणि या गोंधळात गोमाशेठ उगवले. पांढरी टोपी, हातात पिशवी. त्यांना रांगेतून पुढं कुणी येऊ देईना. "मी टेम्पो बघायला आलोय," ते ओरडत होते, आणि लोक म्हणत होते, "सगळे टेम्पोपाशीच आलेत शेठ, मागं लागा." सुंदरानं त्यांना ओळखलं. कुत्रा गेला, आता टेम्पोही जाणार. एवढ्या गर्दीत, एवढ्या हसण्यात तिला एकदम भरून आलं. हे दोन दिवस तिला आणखी हवे होते, पुढच्या वर्षी हवे होते, त्याच्या पुढच्या वर्षी हवे होते.

गोमाशेठ कसेबसे पुढं आले. त्यांनी टायरला लाथ घालून पाहिलं, पत्र्यावर टकटक केलं. शालूच्या पडद्यापाशी मात्र ते अडखळले. आत खाट, मांडणीवर पुस्तकं, स्टोव्हवर चहाचं आधण. आत डोकावू की नको, असं त्यांना झालं.

तेवढ्यात रांगेच्या टोकाकडून देवजीचा आवाज आला. घोंगड्यांच्या एका ढिगावर तलाठी निवांत झोपलेला सापडला होता. आता तो देवजीच्या मागं दोरीनं ओढला जात होता आणि समोरची गर्दी बघून त्यानं चारही पाय रोवले होते. देवजी घामाघूम, टोपी तिरकी, आवाज बसलेला. त्याला ना रांग दिसत होती, ना गोमाशेठ.

"चल रे तलाठ्या! चल की घरी! घाबरतोस कशाला, ते बघ, आलं आपलं घर!"

लोकांनी कुत्र्याकडं बघितलं, मग एकमेकांकडं, मग हातातल्या सातबाऱ्याकडं. आणि मग तो म्हातारा पहिल्यांदा हसला, आणि बांधापर्यंत हशाची लाट गेली. बैलसुद्धा माना वर करून बघू लागले. तलाठी तेवढ्यात दोरी हिसकून सुंदराच्या पदरात शिरला.

गोमाशेठ हसले नाहीत. त्यांनी देवजीनं दाखवलेल्या बोटाकडं बघितलं, मग टेम्पोकडं.

"देवजी," ते म्हणाले, "हे तुमचं घर. मग विकायला काढलेला टेम्पो कुठं हाय?"

देवजीनं तोंड उघडलं. त्यानं पडद्याकडं बघितलं, मांडणीकडं बघितलं, आणि शेवटी कुत्र्याला पोटाशी धरून बसलेल्या बायकोकडं बघितलं.

"तो..." देवजी डोकं खाजवत म्हणाला, "तो नाय राहिला हो शेठ."

सुंदरा सगळ्या जत्रेदेखत खो खो हसली, रडली, आणि पुन्हा हसली. गोमाशेठनी टोपी काढून कपाळ पुसलं. आता एवढ्या लांबून आलोच आहे तर निदान चहा तरी घेऊन जातो, असं म्हणत ते टेम्पोत चढायला लागले.

सुंदरानं डोळे पुसले, त्यांना हातानं अडवलं आणि चपला खाली काढायला सांगितल्या.