भोंग्यावरचा बोळा

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. एका प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभा असतो. आता मला वीज जोडलेली नाही. माझ्या डोक्यावर रिकामी खोकी रचतात. पण एके काळी माझा रुबाब काही विचारू नका.

माझ्या पोटात आजाऱ्यांचं रक्त असे. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून माणसाला लेप्टोचा ताप जडतो. त्याच्या जुन्या तपासणीत एक मोठी खोट होती. शरीर रोगाशी लढू लागल्याच्या खुणा ती शोधायची, आणि त्या खुणा रक्तात उमटायला आठवडा तरी जातो. तोवर अहवाल येतो 'दोष नाही'. म्हणून आमच्या डॉक्टरबाई थेट जंतूचाच माग काढणारी नवी तपासणी तयार करत होत्या. ती पारखायला त्यांना तापाच्या पहिल्या दिवसांतलं रक्त हवं होतं, तेही पुढे हाच रोग ठरलेल्या माणसांचं. असं रक्त मोठ्या मुश्किलीने मिळतं. बाईंनी ते कित्येक वर्षं गोळा करून माझ्या हवाली केलं होतं.

त्यातली एक कुपी गटार साफ करणाऱ्या एका माणसाची होती. 'दोष नाही' ऐकून तो कामावर गेला आणि चार दिवसांत दगावला. त्याची बायको अधूनमधून यायची.

"त्यांचं रक्त आहे ना अजून?" ती विचारायची.

"आहे. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणूनच जपलंय," बाई म्हणायच्या.

दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की माझा भोंगा वाजे. तिथले तंत्रज्ञ, सगळे त्यांना मामा म्हणत, वैतागायचे. "काय सारखा बोंबलतोस रे? म्हातारा झालास." एक दिवस त्यांनी भोंग्यावर कापसाचा बोळा ठेवून वर चिकटपट्टी लावली. सगळे हसले. मला फार अपमान वाटला.

पुढे जोडून सुट्ट्या आल्या आणि माझं यंत्र बंद पडलं. मी जीव तोडून ओरडलो. दाराबाहेरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेलं नाही. सुट्ट्या संपल्यावर बाई आल्या, तेव्हा फरशीवर पाणी साचलं होतं. उकाड्यात कुप्यांतलं रक्त नासलं होतं. त्यातून आता जंतूचा माग लागणार नव्हता.

"बाई, बोळा मी लावला होता," मामा म्हणाले.

"माहीत आहे. मी रोज बघत होते," बाई म्हणाल्या आणि तिथेच खाली बसल्या.

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. दवाखान्यांत त्या वर्षी पोचायची ती नवी तपासणी पोचलीच नाही. त्याच वर्षी त्या दगावलेल्या माणसाच्या भावाला ताप आला. तोही गटारात उतरायचा. दवाखान्यात जुनीच तपासणी झाली. 'दोष नाही.' तो पुन्हा कामावर गेला. डोळे पिवळे झाल्यावर त्याला इस्पितळात नेलं, पण उशीर झाला होता.

दवाखान्यात उरलेलं त्याचं रक्त आमच्याकडे आलं. तापाच्या दुसऱ्या दिवसाचं, अगदी हवं होतं तसं. बाईंनी ती कुपी शेजारच्या नव्या फ्रीझरमध्ये ठेवली, तेव्हा त्याची वहिनी, तीच अधूनमधून येणारी, दारातच उभी होती.

"आमच्या घरात आता उतरणारं कुणी उरलं नाही," ती म्हणाली. "एवढं तरी नीट ठेवा."

मित्रांनो, मला पुन्हा वीज द्या असं मी म्हणत नाही. पण तो नवा फ्रीझर ओरडला, तर हातातलं काम टाकून आधी त्याच्याकडे धावा.