धुऊन पुसून आणलेली गाडी

आत्याने बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. इंजिन लख्ख चमकत होतं.

"दादा, गाडी दुरुस्तीला आणलीस की लग्नाला निघालास?"

तिचा थोरला भाऊ हातातल्या रुमालाची घडी नीट करत म्हणाला, "तुझ्या दारात मळकी कशी आणायची? लोक म्हणतील, सख्खी बहीण मेकॅनिक आणि गाडी बघा याची!"

लोक काहीही म्हणत नव्हते. नवऱ्यामागे तिने हे गॅरेज एकटीने चालवलं होतं, आणि पांढऱ्या मिशांचे ट्रकवालेसुद्धा तिला आत्याच म्हणत. पण दादाला स्वच्छतेचं वेड. तो पायपुसण्यावर पाय द्यायच्या आधी पाय पुसणारा माणूस. आणि या वेडापायीच आत्याचं काम अडलं होतं. गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते रंगीत पाणी, कुठेतरी जात होतं. टाकी काठोकाठ भरून द्यावी, तर थोड्याच दिवसांत अर्धी. कूलंट जिथून गळतं तिथे सुकून त्याची पापडी धरते. तेवढा डाग सापडला की चोर सापडला. आणि हा बाबा दर खेपेला डागच धुऊन आणत होता.

"डॉक्टरकडे जाताना कुणी ताप उतरवून जातं का?" आत्या करवादली. मग तिने टाकीत एक खास रंग टाकला. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण निळ्या दिव्याखाली हिरवागार चमकतो. "पुढच्या आठवड्यात आण. तोवर गाडीला पाण्याचा थेंब लावायचा नाही. शपथ घे."

दादाने गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली.

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा मागच्या सीटवर बॅगा होत्या आणि स्टिअरिंगवर त्याची मुलगी बसली होती. घाटापलीकडच्या इस्पितळात तिला नर्सची नोकरी लागली होती आणि आज हजर व्हायचं होतं. तिला सोडून दादा गाडी परत आणणार होता.

"पाणी लावलं नाहीस ना?"

"एक थेंब नाही. बघ की, भिकाऱ्यासारखी दिसतेय." हे त्याने फार दुःखाने सांगितलं.

टाकी पुन्हा अर्धी झाली होती. आत्याने शटर अर्धं ओढून निळा दिवा लावला. पाइप, पंप, रेडिएटर, सगळीकडे दिवा फिरवला. कुठेच हिरवं चमकेना. इंजिन निवल्यावर हातपंपाने आत दाब भरला, पण थंड गाडीत दाबाचा काटा जराही खाली येईना, म्हणजे गळती नाही. इंजिनच आतल्या आत पाणी पीत असेल म्हणून तपासणीचं निळं औषध वापरून पाहिलं. ते पिवळं व्हायला हवं होतं, निळंच राहिलं.

उरला होता फक्त हिटर. डॅशबोर्डमागे त्याचा छोटा रेडिएटर असतो, आणि त्यातून इंजिनचंच गरम पाणी फिरतं. तो गळत असेल तर पायाखालची मॅट ओली होते, काचेवर आतून तेलकट थर बसतो आणि गोडसर वास सुटतो. आत्याने वाकून मॅट चाचपली. कोरडी ठक्क. काच आरशासारखी. वास नव्या प्लास्टिकचा.

तिच्या मनात पाल चुकचुकली. पाणी बाहेर पडत नाही, इंजिन पीत नाही, आत सांडत नाही, मग जातं कुठे? खोट सापडेपर्यंत किल्ली द्यायची नाही, हा तिचा नियम होता. भल्याभल्यांना तिने चालत घरी पाठवलं होतं.

"आत्या, आज पोचले नाही तर जागा दुसरीला देतील गं," भाची म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

आत्याने किल्ली दिली. नियम परक्यांसाठी असतात, लेकीसारख्या पोरीपुढे कसले नियम! टाकी भरली, डिकीत पाण्याचा कॅन ठेवला. "तापमानाचा काटा वर सरकला की जिथे असाल तिथे थांबायचं." दोघांनी माना डोलावल्या.

गाडी गेली, तरी आत्याचं कशात लक्ष लागेना. हातातला पाना तिने दोनदा चुकीच्या जागी ठेवला.

जेवणवेळ टळल्यावर वहिनी आली. तिच्या काखेत एक गुंडाळी होती.

"ही गाडीतली जुनी मॅट. यांनी काल नवी आणली, तुला गॅरेजात होईल म्हणून घेऊन आले. काढून मीच घरात दोनदा धुतली गं, तरी गोडसर वास जाईना. आणि काच तर रोज कोरड्या कागदाने पुसायचे. आतून नुसता चिकट थर बसायचा. ओलं फडकं आण म्हटलं, तर म्हणाले, तिने पाणी लावू नको म्हणून शपथ घातलीय."

आत्याने मॅट जमिनीवर उलगडून निळा दिवा पेटवला. मॅटच्या कडेची शिवण हिरवीगार चमकली.

वर घाटात गारठा असणार आणि दोघांनी हिटर पूर्ण सोडलेला असणार. हिटरच्या नळीला गेलेला तडा थंडपणी मिटतो, गरम झाला की उघडणार.

तिने फोन लावला. दादाने लगेच उचलला.

"दादा, हिटर बंद कर! गाडी बाजूला घ्यायला लाव तिला!"

"काय? अगं, काचेवर आतून वाफ येतेय सारखी, म्हणून तर हिटर वाढवलाय. मी पुसतोय ना." पाठीमागे इंजिन घरघरत होतं. "उतार लागलाय. मागे ट्रक आहे, बाजूला घ्यायला जागा नाही."

"वाढवू नकोस! ती वाफ हिटरचीच आहे. बंद कर आधी!"

"थांब... पायाशी काय गं हे, भाजतंय..."

काहीतरी फस्सकन फुटल्याचा आवाज आला. मग भाचीचा आवाज, अगदी लहानपणीसारखा. "बाबा, मला काही दिसत नाहीये. पुसा ना. बाबा, पुसा!"

आत्या फोनमध्ये ओरडत राहिली. पलीकडे तिचं कुणी ऐकत नव्हतं. दादा कागद टाकून हातानेच काच पुसत होता, आणि काचेवर तळहात घासल्याचा तो आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता.