सामाईक पडदा

मामांचं म्हणणं असं की, आमच्या हॉलमध्ये डावीकडच्या खुर्च्यांवर रसिक बसत नाहीत. तिकडून हसू येत नाही, टाळी येत नाही, निदान खोकला तरी यावा, तर तोही येत नाही. त्यामुळे गेली दोन-तीन वर्षं मामा आपली सगळी वाक्यं उजवीकडे तोंड करून टाकतात, आणि डावीकडच्या प्रेक्षकांनी त्यांच्या फक्त कानशिलाचा अभिनय पाहिला आहे.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आयुष्यभर त्यांनी दिवसा घड्याळं दुरुस्त केली आणि संध्याकाळी नाटकं केली. वय झालं तसं दुकान मुलाच्या हवाली केलं. नाटक मात्र कुणाच्याच हवाली केलं नाही. आमच्या वस्तीच्या नाट्यमंडळीत दिग्दर्शन माझ्या बायकोकडे असतं. ती बँकेत काउंटरवर बसते, त्यामुळे वैतागलेल्या माणसांना ओळीत कसं उभं करायचं हे तिला येतं. लिखापढी माझ्याकडे, कारण मी साहित्य घेऊन एम.ए. झालो आहे आणि मंडळी मला ते विसरू देत नाहीत.

यंदा आम्ही एक विनोदी नाटक घेतलं होतं. त्यातला म्हातारा बाप पूर्ण पहिला अंक आरामखुर्चीत उजव्या कुशीवर, कान उशीत दाबून झोपेचं सोंग घेऊन पडलेला असतो आणि मुलंसुना त्याच्या तिजोरीबद्दल काय काय बोलतात ते ऐकत असतो. मुलगा ‘किल्ली’ हा शब्द उच्चारतो, तेव्हा बापाने एक डोळा उघडून एक वाक्य टाकायचं. एवढ्या एका डोळ्यावर सगळं नाटक उभं होतं.

तो डोळा उघडत नव्हता.

“किल्ली कुठंय?” मुलगा विचारी. मामा गाढ. “किल्ली!” मामा प्रसन्न. मग विंगेतून आमच्या बाई ‘मामा, डोळा!’ असं कुजबुजत. बाई निवृत्त शिक्षिका आहेत, प्रॉम्प्टिंग करतात आणि त्यांची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत जाते. एकदा खालचा लाँड्रीवाला वर येऊन विचारून गेला की कुणाच्या डोळ्याला काही लागलंय का. मामा तरीही खुर्चीत हसतमुख पडलेले.

बायकोच्या लक्षात आलं ते घरी, भांडी विसळताना. “अहो, मामा इतकी वर्षं ऐकत नव्हतेच,” ती म्हणाली. “ओठ बघत होते. या नाटकात डोळे मिटायला सांगितले आणि कान बंद झाले.”

हे मामांना सांगायचं कोणी? त्यांच्या मुलाने सांगून पाहिलं होतं, त्याला “तू आधी तोंडातल्या तोंडात बोलणं सोड” असं उत्तर मिळालं होतं. बायकोने सांगितलं तर मामा म्हणाले, “ठमे, माझे कान ठणठणीत आहेत. घड्याळात खोट निघाली की लोक घड्याळजीला नावं ठेवतात, त्यातली गत! पुटपुटता तुम्ही आणि कान तपासू माझे?”

ठमीने, म्हणजे माझ्या बायकोने, पंधरा दिवसांनंतरच्या शनिवारपर्यंत मुदत दिली. त्या शनिवारी डोळा उघडला नाही तर भूमिका मंडळीतल्या शिंपीकाकांना. शिंपीकाकांना बापाची सगळी वाक्यं पाठ होती, सुनांचीही पाठ होती. घरी ते रोज रात्री जेवणानंतर आरामखुर्चीत डोळे मिटून तालीम करत. त्यांच्या बायकोला यात नवीन काही दिसलं नाही. मामांनी मुदतीचं ऐकलं (हे त्यांना बरोबर ऐकू गेलं) आणि तीन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. ही भूमिका गेली तर आपण पुन्हा कशाला हॉलचे जिने चढणार, एवढंच एकदा त्यांच्या तोंडून निघालं, तेही खिडकीकडे बघून.

अशात पडदा फाटला. अंक संपल्याची घंटा झाली, मामांना ती पोचली नाही, पडदा येतोय हे कळेपर्यंत तो अंगावर आला. मामा गोंधळून उठले, तोल गेला आणि त्यांनी हाताला जे लागलं ते धरलं. उजवा पडदा वरपासून खालपर्यंत उसवला. शिंपीकाकांनी टाचण्या लावल्या आणि निदान केलं, “कापड मेलंय. टाका धरत नाही.”

पडद्याशिवाय नाटकाला सुरुवातच नव्हती. पडदा उघडतो तेव्हा बाप आधीपासून झोपलेला दिसायला हवा. पडदाच नसेल तर त्याने सगळ्यांसमोर चालत येऊन झोपेचं सोंग घ्यायचं की काय? मंडळीच्या पेटीत चहाचे पैसे होते, मखमलीचे नव्हते. तेव्हा लाँड्रीवाल्याने सांगितलं की पालिकेने योजना काढली आहे : वस्तीपातळीवरील तातडीच्या कलाकार्यास लघुअनुदान. नाव ऐकूनच मला भरून आलं. कलेत कुणाला तातडी असते हे पालिकेला ठाऊक आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

अर्जात एक रकाना होता : तातडीचे स्वरूप पन्नास शब्दांत लिहावे. माझ्यासारख्या माणसाला पन्नास शब्द म्हणजे आव्हान. मी काटेकोर लिहिलं :

“आमचा उजवा पडदा फाटला आहे. वय वर्षे अठ्ठावीस. कारण : धूळ, दमट हवा आणि अनेक वर्षांची ओढाताण. तूर्त टाचण्यांवर भागवले आहे. तीन आठवड्यांत उपाय न झाल्यास दोनशे लोकांची गैरसोय होईल.”

नाटक हा शब्द मी मुद्दाम टाळला. योजनाच कलेची आहे, तर पुनरुक्ती कशाला?

पालिकेच्या कला विभागात तातडीचं असं काही आजवर आलं नसावं. टपाल वाटणाऱ्या माणसाने पहिलं वाक्य वाचलं आणि अर्ज जिथे तातडीचे कागद जातात तिथे नेऊन दिला.

गुरुवारी तालमीला आम्ही जमलो असताना दारात एक बाई उभ्या राहिल्या. धापा टाकत होत्या, कारण हॉल तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्यांच्या हातात जड पेटी होती. “पालिकेकडून आलेय,” त्या म्हणाल्या. आमच्यात आनंदाची लाट पसरली. शिंपीकाकांनी खुर्ची पुसली, आमच्या प्रॉम्प्टिंगच्या बाईंनी चहा ओतला.

“फाटलेला पडदा कुणाचा?” पाहुण्यांनी विचारलं.

“सगळ्यांचाच आहे,” माझी बायको म्हणाली. “सामाईक.”

“सामाईक?”

“वर्गणी काढून घेतला होता ना.”

पाहुण्यांनी हातातला कागद पुन्हा वाचला. “उजवाच ना?”

“उजवाच. डावा अजून धडधाकट आहे, पण तोही कधी दगा देईल सांगता येत नाही.”

“झालं कसं?”

“मामा लटकले.”

“कशाला?”

“पडद्याला.”

पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “आणि या टाचण्या... त्या कोणी लावल्या?”

“मीच,” शिंपीकाका विनयाने म्हणाले. “आडव्या लावल्यात, म्हणजे कुणाला टोचत नाहीत. आधी रफू करून पाहिलं.”

“रफू.”

“धरेना. आता मी म्हणतो, जुना उतरवूनच टाकू आणि मखमली घालू.”

पाहुण्या पुसलेल्या खुर्चीवर बसल्या. तेवढ्यात माझी नजर त्यांच्या पेटीवर गेली. तिच्यावर एक मोठा कान काढलेला होता. मग मला माझं पहिलं वाक्य आठवलं, आणि त्याच्या पुढची चारही आठवली.

मी रंगमंचाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी (त्या कानाच्या डॉक्टर होत्या) टाचण्या लावलेल्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“हे लिहिलं कोणी?”

“यांनी,” बायको म्हणाली. “एम.ए. आहेत.”

डॉक्टर हसल्या नाहीत, पण त्यांच्या हातातला कागद हलत होता. “माझी पंचाईत झालीय,” त्या म्हणाल्या. “हा कागद तातडीचा म्हणून मंजूर झालाय. कान न तपासता परत गेले तर वर्षभर खुलासे लिहीत बसावं लागेल. इथे कुणाला ऐकायला कमी येतं का?”

सगळ्यांनी फक्त एका दिशेला पाहिलं.

मामा आरामखुर्चीतून हे सगळं सद्गदित होऊन बघत होते. “जावईबापू,” त्यांनी मला विचारलं, “अनुदानाच्या बाई ना? काय म्हणतायत?”

मी तोंड उघडण्याआधी बायको पुढे झाली आणि ओठ नीट दिसतील असं म्हणाली, “परीक्षा घ्यायची म्हणतायत!”

“प्रमुख नटाची?”

“हो!”

मामांनी कॉलर सरळ केली. डॉक्टरांनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबायचं, असं खुणेने सांगितलं. मामांनी भूमिकेप्रमाणे डोळे मिटले. उजव्या कानाच्या वेळी त्यांचा अंगठा तालात चालत होता. मग डॉक्टरांनी दुसरीकडची कळ फिरवली. आणखी फिरवली. हेडफोनमधला आवाज आम्हालाही ऐकू यायला लागला. मामांचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता आणि चेहऱ्यावर मोठ्या पॉजनंतर वाक्य टाकणाऱ्या नटाचा आत्मविश्वास होता.

थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. “डावीकडचं सुरू केलं नाहीत अजून?”

“झालंसुद्धा,” डॉक्टर त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाल्या, आणि त्यांनी कागद पुढे केला. कागदावर एक रेघ सरळ चालत होती, दुसरी जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. मामांनी खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि ती रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. यंत्राबद्दल ते कधी खोटं बोलत नाहीत.

“म्हणजे तुम्ही पुटपुटत नव्हता,” ते म्हणाले.

“नाही, मामा.”

“मग दोन वर्षं मी तुमच्यावर जे ओरडतोय...”

“ते आम्हाला नीट ऐकू येत होतं, मामा.”

हॉलमध्ये सगळे आपापल्या चपलांकडे पाहत होते. डॉक्टरांनी पेटीच्या कप्प्यातून बोटाच्या पेराएवढं कानाचं यंत्र काढून मामांच्या तळहातावर ठेवलं आणि पटवून द्यायचं भाषण सुरू केलं. मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी भिंगाखाली यंत्र उलटं केलं, नखाने झाकण उचललं आणि श्वास रोखला.

“काम बारीक आहे,” ते म्हणाले. “बॅटरी किती चालते?”

“आठवडाभर.”

“किल्ली दिली असती तर जन्मभर चाललं असतं. चालतंय का ते बघतो फक्त.”

त्यांनी ते डाव्या कानात बसवलं आणि ताठ झाले. सगळ्यात आधी त्यांनी भिंतीकडे पाहिलं. “हे घड्याळ लंगडतंय. टिक होतं, टक होत नाही. कुणी मला सांगितलं कसं नाही?” मग बाई म्हणाल्या, “येतंय का ऐकू?” आणि मामा खुर्चीतच सरकले. “हळू हो बाई! माणूस आहे मी, शाळेचं मैदान नाही.” बाई दुखावल्या. वर्षानुवर्षं कमावलेला आवाज त्यांना एका क्षणात खाली आणावा लागला, आणि त्या आवाजाचे चाहते प्रेक्षकांत होते हे आम्हाला माहीत आहे.

मामा फक्त चालतंय का ते बघत होते, म्हणून त्यांनी यंत्र शुक्रवारी काढलं नाही, आणि शनिवारीही काढलं नाही. शनिवारी नाटकातल्या मुलाच्या तोंडातून ‘किल्ली’तली ‘कि’ बाहेर पडली आणि डोळा उघडला.

“थोडा घाईत उघडला,” शिंपीकाका म्हणाले. बाकीचे टाळ्या वाजवत होते. “ठीक आहे. माझा डोळा फुकट गेला, दुसरं काय.”

त्यांचं सांत्वन डॉक्टरांनीच केलं. कागदावर ‘पडदा’ असं लिहिलेलं असल्यामुळे, कान झाला तरी पडदा झाल्याशिवाय आपल्याला चैन पडणार नाही, असं त्यांनी निरोपात म्हटलं होतं. सोबत रुग्णालयाच्या भांडारातले, दोन खाटांच्या मध्ये लावतात तसले जुने हिरवे पडदे होते. शिंपीकाकांनी सगळे जोडून एक अखंड उजवा पडदा शिवला. तेव्हापासून आमचा डावा पडदा लाल आणि उजवा हिरवा आहे, आणि हिरव्याच्या कोपऱ्यात ‘वॉर्ड तीन, धुण्यास’ असा शिक्का आहे. कला विभागाला मी विचारून पाहिलं. असा अर्ज आपल्याकडे आलाच नाही, असं त्यांनी कळवलं, आणि ते खरंच होतं.

प्रयोगाच्या दिवशी माझ्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ आपल्या बायकोला लाल रंग म्हणजे लोभ आणि हिरवा म्हणजे आशा असं समजावून सांगत होता. मी त्याला अडवलं नाही. डॉक्टर डावीकडे, तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

पडदा उघडला. मामा झोपलेले. सुना बोलल्या, मुलगा बोलला, हॉल शांत होता. विंगेतल्या बाईही शांत होत्या, आणि त्या किती कष्टाने शांत आहेत हे मला इथून जाणवत होतं.

“बाबा झोपलेत तोवर बघून घेऊ,” मुलगा म्हणाला. “किल्ली कुठंय?”

मामांचा एक डोळा उघडला. “उशीखाली,” ते म्हणाले. “पण उशी माझ्या डोक्याखाली आहे.”

उजवीकडून हशा आला. तो नेहमीच येतो. आणि पाठोपाठ डावीकडून आला, मोठा, मोकळा, खुर्च्या करकरवणारा.

इथे मामांनी डोळा पुन्हा मिटायचा होता. तो मिटला नाही, उलट दुसराही उघडला. त्यांनी मान हळूहळू डावीकडे वळवली, तिसरी रांग पाहिली, तिच्या मागची पाहिली, पार भिंतीपर्यंत पाहिलं. मुलगा पुढचं वाक्य विसरून उभा होता. मामांनी उशी नीट केली आणि तेच वाक्य पुन्हा टाकलं, या वेळी संपूर्ण डावीकडे तोंड करून. तिकडचा हशा दुप्पट झाला.

“मामा, पुढे!” विंगेतून बाईंची जुनी कुजबुज सुटली.

“थांबा हो बाई,” मामा खुर्चीतूनच म्हणाले. “इकडची मंडळी आज पहिल्यांदाच आलीयत.”